रेम्झीचा एक तास

नाव: रेम्झी तुर्गाय. वय: सहासष्ट. जन्म: लार्नाका, म्हणजे फाळणी झालेल्या बेटाची ग्रीक दक्षिण. वास्तव्य: गिर्ने, म्हणजे तुर्की उत्तर. व्यवसाय: पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. मालमत्ता: शिडाची होडी एक, लांबी सव्वीस फूट, समुद्रात नेण्यास सर्वथा योग्य.

होडी हिवाळाभर गिर्नेच्या यार्डात टेकूंवर उभी होती. मार्चअखेर रेम्झीने ताडपत्री काढली, तर इंजिनाच्या पंपातली रबरी चकती तडकलेली. चकतीवाचून इंजिन चालेना, आणि बंद इंजिनाची होडी यार्डवाले पाण्यात सोडत नाहीत. क्रेन गुरुवारी सकाळी येणार. ती चुकली की थेट मेच्या मध्यावर. तसली चकती बेटावर एकाच माणसाकडे होती, लार्नाकाच्या कीर्याकोसकडे, आणि तो बुधवारी दुपारी एकला दुकान बंद करतो.

आता घड्याळाचं प्रकरण. ऑक्टोबरात दक्षिणेने काटे तासभर मागे घेतले, उत्तरेने घेतले नाहीत. एवढंसं बेट, त्यात हिवाळाभर दोन वेळा. "पलीकडे जाताना एक वजा," हे रेम्झीने बायकोला, मेहुण्याला, एकदा तर सीमेच्या नाक्यावरच्या शिपायालाही समजावलं होतं.

बुधवारी नाका ओलांडून तो लार्नाकात पोचला तेव्हा मनगटावर बारा वाजले होते. एक वजा, अकरा. दोन तास हातात. नाके उघडल्यापासून चौदा वर्षं तो इथे यायचा तो कामापुरता; आज म्हटलं, गाव बघू. जन्मगल्लीत गेला. घर जागेवर होतं, दारावर दंतवैद्याची पाटी. दात दुखत नसल्याने आत जायला कारण नव्हतं. मग किल्ल्याजवळ बसून कॉफी घेतली. चर्चच्या घंटेने एकच टोल दिला.

"बारातले अकरा गिळले तुमच्या घड्याळाने," त्याने वेटरला ऐकवलं. वेटर भला माणूस, हसला.

दुकानाचं शटर खाली होतं. शेजारी फ्रोसो म्हातारी संत्री विकत बसली होती.

"कीर्याकोस कुठंय, आजी?"

"जेवून झोपला असेल. बुधवार ना आज."

"एकला बंद करतो ना? अजून वीस मिनिटं आहेत!"

तिने त्याच्या मनगटाकडे बघितलं. "यात तर एक चाळीस झालेत."

"ती आमची वेळ. तुमची बारा चाळीस."

"वरचा का तू? अरे बाबा, रविवारी आम्ही काटे पुढे केले. आता तुमचं आमचं एकच." मग जराशा कौतुकानेच म्हणाली, "इतकी वर्षं पुढाऱ्यांना जमलं नाही ते झालं, आणि तू वेळेवर आला नाहीस."

"त्याच्या घरी फोन तरी लाव."

"झोपेतून उठवू? तूच लाव, मला इथे धंदा करायचाय."

त्याने लावला. कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा वाजवल्यावर तिकडचा फोन बंदच झाला. तेवढ्यात शिफाचा, बायकोचा, आला.

"मिळालं?"

"संत्री मिळाली."

"म्हणजे? बाराला पोचलो म्हणालास ना?"

"एक वजा केला."

मग शिफा म्हणाली, "माझ्या भावाला सांगू नकोस. मी सांगते."

गुरुवारी क्रेनने सात होड्या पाण्यात सोडल्या. रेम्झीची सतरा मेपर्यंत टेकूंवर होती.