भिंतीवरचा नंबर

उसाचं पाचट कुणी साठवायला जात नाही. ते आपलं आपण साचतं, आणि एक दिवस बघावं तर पायाखालची जमीनच दिसत नाही. पाटसला फाट्यावर मोबाईलच्या दुकानापुढं एक बाक आहे. आम्ही म्हातारे तिथं बसतो, आणि फोनच्या कंपन्यांचे किस्से आमच्याभोवती तसेच साचतात. मला शाळा नाही. जन्मभर कारखान्यावर उसाच्या गाड्या लायनीत लावल्या. त्यामुळं वाट बघायची तेवढी सवय आहे. ती आता उपयोगी पडते.

•

आमच्यातल्या बबनरावांच्या फोनला कंपनीनं न विचारता गाणं लावलं. फोन करणाऱ्यालाच ते ऐकू जायचं, म्हणून बबनरावांना पत्ता नव्हता. त्यात त्यांचे थोरले भाऊ वारले. दहावा कुठल्या घाटावर आहे हे विचारायला पाव्हण्यांचे फोन सुरू झाले, आणि प्रत्येकाला आधी वरातीचं गाणं.

शेवटी भांडगावच्या मेव्हण्यानं भीत भीत विचारलं, "दाजी, दुखवटा आणायचा का आहेर?"

•

ते गाणं काढायला बबनरावांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणायची, "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." बबनरावांनी फोन ओट्यावर ठेवला, म्हशीला वैरण टाकली, धार काढली. बाई म्हणतेच आहे.

मालकीणबाई बाहेर आल्या. "कवाधरनं कुणाशी बोलताय?"

"मी कुठं बोलतोय? ऐकतोय. ह्या घरात दुसरं कोण म्हनतंय मला महत्त्वाचा?"

अखेर खरी माणसातली पोरगी लाईनवर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मग दुसरं गाणं लावू का?"

•

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. शब्बीरमामांचं तसं नव्हतं.

शब्बीरमामा साप धरतात. उसात, गोठ्यात, घरात, कुठंही निघाला तरी हाक मारली की जातात, साप पोत्यात घालतात आणि लांब माळावर सोडतात. कुणाकडून काही घेत नाहीत. त्यांचा नंबर पाटसपासून पार शिरूरपर्यंत शाळांच्या, गोठ्यांच्या, मोटारीच्या खोल्यांच्या भिंतींवर रंगवलेला आहे. 'साप मारू नका, फोन करा' आणि खाली नंबर. ब्रश त्यांचाच.

फोन त्यांना फक्त यायचा. ते स्वतः कुणाला करायचे नाहीत. मग रिचार्ज कशाला मारायचा, असं त्यांना वाटायचं. कंपनीला तसं वाटलं नाही. तिनं आधी येणारे फोन थांबवले, मग नंबरच काढून दुसऱ्याला दिला.

बाकावरच्याच गायकवाड आप्पांच्या फोनवरनं मामांनी स्वतःचाच नंबर लावला. कुणी बाई बोलल्या. नंदुरबारकडच्या शाळेत शिक्षिका होत्या.

"तुम्हीच का ते सापवाले?" बाई रडकुंडीला आल्या होत्या. "अहो काका, मला चित्रातला सापसुद्धा बघवत नाही. आणि रोज कोणीतरी मला म्हणतं, लवकर या, धरायला."

•

त्याच आठवड्यात एका वस्तीवर पाळण्याखाली साप निघाला. लोकांनी भिंत बघून फोन केला, तो लागला नंदुरबारला. कुणीतरी मोटरसायकलवर बाकापर्यंत आलं. आम्ही पोचेस्तोवर लोकांनी काठ्यांनी काम उरकलं होतं. बिनविषारी धामण होती. मामा तिच्याजवळ उकिडवे बसून राहिले.

"आज धामण व्हती म्हनून बरं," ते म्हणाले. "उद्या नाग असंल. मानूस काठी घिऊन जवळ जाईल, आन् फोन लागंल भलतीकडं."

मी म्हणालो, "मामा, नवा नंबर घ्या."

"आन् भिंती? त्या समद्या खोट्या पडत्यात की, आबा."

•

गायकवाड आप्पा शिरूरच्या एसटी डेपोतनं रिटायर झालेले. ते म्हणाले, "ही मेहेरबानी न्हाई, ग्राहकाचा हक्क हाय. कायदा हाय. मागितल्याबिगर कुणी देत न्हाई." दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी तक्रार भरली. कुठल्या नंबरबद्दल तक्रार? नंबर टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, त्या नंबरवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा.

तो गेला नंदुरबारला.

आप्पांनी बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "काका, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, असं मी वर्गात मुलांना शिकवते."

आप्पांनी फोन मामांच्या हातात दिला. मामा एवढंच म्हणाले, "बाई, लेकरांना बरोबर शिकिवताय." मग बाईंनी सांगितला.

आम्ही वाट बघत राहिलो. एक दिवस बाईंचाच फोन दुकानात आला. आवाजात आनंद होता. "काका, अभिनंदन. मला मेसेज आलाय, तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे."

मामांनी विचारलं, "मग आता तुम्ही कुठल्या नंबरवरनं बोलताय?"

"त्याच," बाई म्हणाल्या.

•

त्यानंतर बाईच काम करायला लागल्या. साप निघाल्याचा फोन आला की तिकडून सांगायच्या, "लांब उभे राहा, नजर हलवू नका, मारू नका," आणि लगेच आमच्या दुकानात कळवायच्या. आप्पा म्हणायचे, "बाई भली हाय. पन भलेपना म्हंजी हक्क न्हवं."

•

मागच्या उन्हाळ्यात बाकापुढं एक जीप थांबली. हेल्मेट घातलेला एक पोरगेला साहेब उतरला. भांडगावच्या माळावर त्याच कंपनीचा टॉवर आहे, तिथं दुरुस्तीला आलेला. टॉवरच्या खोलीत मशीनखाली नाग बसला होता. त्यानं खोलीच्याच भिंतीवर रंगवलेला नंबर लावला, बाईंनी त्याला लांब उभं केलं आणि आमच्याकडं धाडलं.

मामा उठले. काठी आणि पोतं घेऊन जीपमध्ये बसले. आप्पा आणि मीही बसलो.

नाग मोठा होता, चिडलेला होता. मामांनी सावकाश धरला, पोत्याचं तोंड बांधलं आणि दाराशी टेकून दम घेतला. साहेबाचा घाम अजून वाळला नव्हता. त्यानं खिशातनं फोन काढला.

"मामा, तुमचा नंबर द्या. आमच्या सगळ्या स्टाफला देऊन ठेवतो."

मामांनी पोतं खांद्यावर घेतलं.

"तुमच्याच भिंतीवर हाय की," ते म्हणाले, आणि माळाकडं चालायला लागले.