उसनी नेलेली रेकॉर्ड

मी त्याला मनातल्या मनात म्हातारा म्हणतो. मी बहात्तरचा, तो ब्याऐंशीचा. तेवढा फरक मला पुरतो. कॅनडात, नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या डावीकडे मी, उजवीकडे तो. बायको गेल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, नागपूरचं घर बंद करा नि इकडे या. आलो. वर्षभरात जावयाची नोकरी कॅलगरीला गेली. "तुम्ही पण चला ना," ती म्हणाली. मी म्हटलं, मी काय सामान आहे का, दर वेळी उचलून न्यायला? असं फाडकन बोलायची माझी जुनी खोड आहे. आता भोगा.

एकदा दुपारी लाँड्रीची बास्केट घेऊन येताना त्याचं दार उघडं होतं आणि आतून भयंकर आवाज येत होता. कुणीतरी फिडल करवतीसारखं ओढतंय आणि एक माणूस नाकातून गातोय. मला वाटलं, मशीन बिघडलं. मी नको तिथे डोकावणारा माणूस, डोकावलो. म्हाताऱ्याने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ओले कपडे मांडीवर घेऊन मी बसलो.

या त्याच्या जुन्या अमेरिकन लोकगीतांच्या रेकॉर्डी. तो तिकडच्या डोंगराळ भागातला, तरुणपणी इकडे आला. ही गाणी तिथल्याच माणसांची: शेतकरी, खाणकामगार, गिरणीत जाणाऱ्या बाया. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना एका खोलीत उभं केलं आणि म्हणाला, गा. रेकॉर्डची बाजू तीन मिनिटांत संपायची, म्हणून शेवटचं कडवं धावतपळत उरकायचं. पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी एका बाईने मेलेल्या बहिणीवर असं काही गायलं, अजिबात न रडता, की माझेच डोळे भरून आले. बायको गेली तेव्हा मी चारचौघांत रडलो नव्हतो. इथे एका परक्या माणसापुढे रडलो, आणि त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फार बरं वाटलं.

मग दर मंगळवारी तीन वाजता ठरूनच गेलं. मी चिवडा न्यायचो, तो चमच्याने खायचा. मी जुनं टर्नटेबल घेतलं हे कळल्यापासून तो निघताना एक रेकॉर्ड हातात द्यायचा. "नीट ऐक आणि पुढच्या मंगळवारी आण." मी कोर्टात हजर झाल्यासारखा घेऊन जायचो.

एका मंगळवारी त्याने त्या बाईचीच रेकॉर्ड दिली. म्हणाला, ही माझ्या आईने घेतलेली, जपून. घरी लावली, तर खरखर फार. आता मी इंजिनियर माणूस. सगळं आयुष्य टेपरेकॉर्डरचं हेड कापसाला स्पिरिट लावून मीच साफ केलं, दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही. औषधांच्या कपाटात रबिंग अल्कोहोल होतं. कापूस भिजवला आणि लागलो पुसायला. कापूस काळा झाला. मला काय आनंद! म्हटलं, बघा, शंभर वर्षांची घाण निघतेय! दुसरा बोळा घेतला, तिसरा घेतला.

घाण कसली, रेकॉर्डच निघत होती. या रेकॉर्डी लाखेच्या असतात. लाख! आमच्या गोंदियाकडे झाडांवर होते ती. नागपूरच्या घरी दारांना पॉलिश करायला सुतार आला, तेव्हा त्याने माझ्यादेखत चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली होती, आणि मी त्याला वरून सूचना देत होतो. सुई ठेवली तर नुसता फसफसाट. मधूनच बाईचा आवाज यायचा आणि जायचा. 

पुढच्या मंगळवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इंटरनेटवर तशी दुसरी शोधली, मिळाली नाही. लिफ्टपाशी तो भेटेल म्हणून अकरा मजले जिन्याने उतरायचो, या गुडघ्यांनी. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, just tell him ना." तिला सांगायला काय जातं? मला भीती होती की त्याने दार बंद केलं, तर या शहरात मला बसायला दुसरी खुर्ची नाही. खरं तर ते दार मीच बंद करत होतो, पण हे तेव्हा सुचेल तर शपथ.

एका दुपारी दारावर टकटक झाली. भोकातून बघितलं, तोच. मी श्वास रोखून उभा राहिलो. आणि मागे स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. एक, मग दुसरी. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. त्याचे पाय घासत चालल्याचे आवाज मी शेवटपर्यंत ऐकले. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

पाचव्या मंगळवारी रेकॉर्ड घेऊन गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं, स्पिरिट, कापूस, सगळं. त्याने ती उजेडात तिरकी धरली, बराच वेळ बघितली आणि एक सणसणीत शिवी दिली. ती माझ्या हक्काचीच होती. मग ती पाकिटात घालून तो खाली बसला.

"त्या दिवशी तुझा कुकर ऐकला मी," तो म्हणाला.

मी मान खाली घातली.

"माझ्याकडे नऊशे रेकॉर्डी आहेत. दर वेळी तुला एक घरी का देत होतो, ठाऊक आहे? परत करायला तरी येशील म्हणून."

इतके दिवस मी समजत होतो की गरज माझी एकट्याची आहे. हा ब्याऐंशी वर्षांचा माणूस दर मंगळवारी एक रेकॉर्ड देऊन माझ्या येण्याची सोय करत होता, आणि मी पाच आठवडे त्याला त्या खोलीत एकटा ठेवला होता. तसं मी त्याला म्हणालो. इंग्रजीत नीट जमलं नाही, पण म्हणालो.

त्याने दुसरी रेकॉर्ड लावली. दोन्ही बाजू ऐकल्या. निघताना सवयीने माझा हात पुढे झाला.

"आज काही देणार नाही," तो म्हणाला. "आता तसाच येऊन दाखव."

पुढचा मंगळवार सात दिवसांवर होता. मी बुधवारीच गेलो.