बोलोन्यातली संकष्टी

बोलोन्याचे जे फोटो तुम्ही पाहिलेत ते सगळे शुक्रवारचे आहेत. दोन कललेले मनोरे, लाल विटांची घरं, मोठ्या चौकात पाठीमागे हात बांधून उभे असलेले आजोबा. शनिवारचा एकही फोटो नाही, हे तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. तुमच्या बाबांना अजूनही मी सांगितलेलं नाही. हे वाचल्यावर तुम्ही सांगालच, तर सांगा.

धाकट्याला ताप आला म्हणून तुम्ही चौघं म्युनिकलाच थांबलात, आणि आधीच काढलेल्या तिकिटांवर आम्ही दोघंच निघालो. स्टेशनवर तुमच्या बाबांनी मला दोनतीनदा विचारलं, "आई, जमेल ना?" मी म्हणाले, इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलंय, मला काय होतंय. खरं तर गाडी हलली तेव्हापासून मी पर्स छातीशी धरून बसले होते. मला भीती होती ती चोरांची. जळगावला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी आदल्या वर्षी युरोप फिरून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं की इटलीत कोण कधी खिशात हात घालेल ते कळतसुद्धा नाही. त्या सांगताना हसत होत्या, पण मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

म्हणून शनिवारी सकाळी हॉटेलच्या खोलीत मी आजोबांचे सगळे खिसे रिकामे केले. पाकीट, मोबाइल, चष्म्याचं घर, हॉटेलचं कार्ड, आणि लिमलेटच्या गोळ्यांची छोटी डबी. सगळं माझ्या पर्समध्ये घातलं आणि पर्स गळ्यात आडवी अडकवली.

आजोबा आरशात पाहून म्हणाले, "आता माझ्याकडून चोरायचं म्हटलं तर मलाच उचलून न्यावं लागेल."

"अहो, चेष्टा पुरे. गोळी घ्या."

मधुमेहाची गोळी मी त्यांच्या हातावर ठेवली, त्यांनी ती माझ्यासमोर घेतली आणि मी वहीत बरोबरची खूण केली. मग ते नाश्त्याला खाली गेले. मला बॅग आवरायला अर्धा तास लागला. मी खाली पोचले तेव्हा त्यांच्यासमोर रिकामी बशी आणि चहाचा रिकामा कप होता. "माझं झालं," ते म्हणाले. बशी इतकी स्वच्छ कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला गेलो होतो. त्या दिवशी संकष्टी होती. आजोबांनी गोळी घेतली होती आणि उपासही धरला होता. दर्शन घेऊन ते पायरीवर टेकले ते उठेचनात. शर्ट घामाने चिंब, डोळे उघडे, पण मी कोण हे त्यांना कळत नव्हतं. पुजाऱ्याने पेढा भरवला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्यांच्यावर ओरडलेच. "गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली येते. बरोबर कोणी नसेल तर माणूस बेशुद्ध पडतो आणि जातोसुद्धा. उपास बंद करा. आणि खिशात कायम काहीतरी गोड ठेवा." लिमलेटची डबी तेव्हापासूनची. आजोबांनी मान डोलावली होती. मला वाटलं, ऐकलं.

बोलोन्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या ओसऱ्या आहेत. मैलोन् मैल. दुकानं, घरं, चर्च, सगळ्यांच्या पुढे तीच ओसरी, तेच खांब, तीच फरशी. पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, म्हणून पहिल्या दिवशी मला फार कौतुक वाटलं होतं. शनिवारी आम्ही एक जुनं चर्च पाहायला गेलो. एकाला एक लागून बांधत गेलेली चारपाच देवळं आणि मधे चौक, असं ते होतं. दाराशी आल्यावर आजोबा वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

"अहो, इथे काढत नाहीत. बघा, सगळे बूट घालून चाललेत."

"त्यांचं ते बघतील. मला नाही जमत देवापुढे बूट घालून."

"कोणी उचलून नेले तर?"

"मग तुझ्या पर्समध्ये घाल," ते म्हणाले आणि मोजे घालून आत गेले. बूट ओसरीतल्या खांबापाशी शेजारी शेजारी ठेवलेले, जळगावच्या देवळाबाहेर ठेवतात तसे.

आतून फिरत फिरत आम्ही मागच्या दाराने एका गल्लीत बाहेर पडलो. वळून पाहिलं तर त्या दाराने परत आत सोडत नव्हते. आजोबा म्हणाले, "चर्चला वळसा घालून बूट घेऊन येतो. तुझा गुडघा दुखतोय, तू इथे बस. हलू नकोस, नाहीतर चुकामूक होईल." मी दगडी कट्ट्यावर बसले. मला बरंच वाटलं.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. हॉटेलपर्यंत किती चालायचं ते पाहावं म्हणून मी वही काढली. जळगाव सोडताना मी घरच्या कॅलेंडरवरून त्या महिन्यांच्या तिथी वहीत उतरवून घेतल्या होत्या, तारखेपुढे तिथी. त्या शनिवारच्या पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: संकष्टी. आणि खालच्या ओळीत, सकाळची गोळी, बरोबरची खूण.

मला ती स्वच्छ बशी दिसली.

त्यांच्या खिशात काही नव्हतं. फोन नाही, पत्ता नाही, लिमलेटची एक गोळीसुद्धा नाही. ते सगळं माझ्या पोटाशी होतं. चोरांच्या धास्तीने मीच काढून घेतलं होतं.

गुडघ्याचं काय झालं ते मला आठवत नाही. मी चर्चला वळसा घालून पुढच्या दाराशी आले. बूट तिथेच होते. खांबापाशी, शेजारी शेजारी, मोकळ्या नाड्या आत खोचलेल्या.

बूट नसते तर मी समजले असते की ते घेऊन मला शोधत निघाले. बूट होते. म्हणजे ते इथपर्यंत आलेच नव्हते. गल्लीतून निघालेला माणूस दोन मिनिटांच्या वाटेत कुठेतरी वळला होता आणि मोज्यांवर चालत होता, किंवा आता चालतही नव्हता. मी बूट उचलले. एक बूट दोनदा खाली पडला.

मी "अहो!" अशी हाक मारली. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. ओसरीतली दहाबारा माणसं थबकली. मी पुढे, मागे, मग पुन्हा पुढे धावले. प्रत्येक कोपऱ्यावर तीच कमान, तेच खांब. जिथून आले तो कोपरा कोणता हेही मला सांगता येईना. इंग्रजी मला वेळेवर सुचलं नाही. जे सुचलं ते समोरच्यांना कळलं नाही. मग मी बूट पुढे धरले आणि स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं.

ते कळलं. बगलेत पाव घेतलेल्या एका माणसाने लगेच डावीकडे हात केला. त्याने मोज्यांवर चालणारा म्हातारा पाहिला होता. पुढे एका दुकानाच्या दारात झाडणाऱ्या बाईला बूट दाखवले, तिने झाडूनेच पुढची गल्ली दाखवली आणि हाताने असा झोकांडी जाण्याचा हावभाव केला. तो पाहून मी त्या गल्लीत धावतच शिरले. बेशुद्ध पडतो आणि जातोसुद्धा, हे डॉक्टरांचं वाक्य पावलागणिक ऐकू येत होतं.

फळांच्या दुकानापुढे घोळका होता. आजोबा उपड्या लाकडी खोक्यावर बसले होते, पाठ खांबाला टेकलेली. चेहरा पांढराफटक, कपाळावरून घाम गळत होता. दुकानातली जाडजूड बाई संत्र्याच्या रसाचा ग्लास त्यांच्या ओठांशी धरत होती, आणि आजोबा दात आवळून तो ढकलत होते. कोणीतरी फोनवर भराभर बोलत होतं. अँब्युलन्स हा शब्द तेवढा मला कळला.

मी समोर बसले. "अहो, मी आले. हे प्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहावं तसं. "माले नको," ते म्हणाले. "मना उपास शे."

चाळीस वर्षांत आजोबा माझ्याशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलले नव्हते. मी जळगावची, ते नरडाण्याकडचे. ती बोली त्यांच्या आईची होती. मी डॉक्टरांचं नाव घेतलं, तुमच्या बाबांचं घेतलं, साखर उपासाला चालते म्हणून सांगितलं. ते मान हलवत राहिले. मान हलवणंही हळूहळू मंद व्हायला लागलं. पापण्या जड होऊ लागल्या. ग्लास त्या बाईने माझ्या हातात दिला होता.

माझ्या सासूबाई दर संकष्टीला धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट गच्चीवर, चढून बसायच्या आणि चंद्र दिसला की तिथूनच मुलाला हाक मारायच्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी ती ऐकली होती. मी आजोबांची हनुवटी धरली आणि तशीच, त्यांच्याच सुरात म्हणाले,

"चांद उगना रे. आते खाई ले."

आजोबांना मी कधी अरेतुरे केलं नाही. त्या दिवशी केलं.

त्यांनी मान वर केली. वर ओसरीचं छत होतं. दुपारचे बारा वाजले होते, पण त्या छताखालून ते दिसत नव्हतं. थोडा वेळ ते छताकडेच पाहत राहिले. मी ग्लास ओठांशी धरून ठेवला. मग त्यांनी तोंड उघडलं.

अर्धा ग्लास घोट घोट करून पाजला, मग उरलेला. अँब्युलन्सवाले आले, त्यांनी बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणखी एक ग्लास पाजायला लावला. पुन्हा टोचलं, तेव्हा त्यांच्यातली मुलगी हसली. फळवाल्या बाईने पाव आणून दिला. पैसे घ्यायला तयारच नव्हती. माझ्या हातातले बूट काढून घेऊन तिने स्वतः ते आजोबांच्या पायांत चढवले. तेवढ्यात आजोबा मराठीत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कुठे होतीस तू? मी कधीचा शोधतोय. आणि ही बाई कोण?"

मी रस्त्यात बसून रडले. उरलेलं शहर आम्ही पाहिलं नाही.

दुपारी हॉटेलात ते आडवे झाले. मी खुर्ची पलंगाला लावून बसले. ते सारखे डोळे मिटायचे. झोप आहे की बेशुद्धी, हे मला कळायचं कसं? दर दहा मिनिटांनी मी त्यांना हलवून पाढे विचारत होते.

"सतरा नव्वे?"

"एकशे त्रेपन्न. अगं, झोपू दे."

"एकोणीस सत्ते?"

त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "बटाटे."

मी ताडकन उठले, ग्लास शोधायला लागले. तेव्हा हसू आलं त्यांना. "एकशे तेहेतीस. बस खाली. बसतेस का?" मी बसले. मग त्यांनी विचारलं, "मी रस प्यायलो, तो चंद्र पाहून प्यायलो का?"

त्या दुपारपर्यंत मी त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. म्हणाले, "नाही. चंद्र नव्हता. मी सांगितलं तसं."

ते भिंतीकडे वळले. रागावले असावेत असं मला वाटलं. "म्हणजे आईचा आवाज तू काढलास," ते म्हणाले.

"हो."

"आज ठीक. पण पुढच्या वेळी नाही ऐकणार."

"पुढची वेळ नको. उपास सोडा. माझ्यासाठी सोडा."

त्यांनी माझा हात धरला, पण हो म्हणाले नाहीत. आजतागायत म्हणालेले नाहीत. दर महिन्याच्या संकष्टीला मी त्यांच्या मागेमागे घरभर फिरते, आणि ते बाथरूमचं दार लावून घेतात तेव्हा बाहेर उभी राहून पाढे विचारते.