मोटारीला बांधलेलं लुगडं

त्या दिवसाची आठवण आली की आजही माझी मान आपोआप खाली जाते.

मी काही अधिकारी नव्हते. माझे यजमान अकोटच्या ठाण्यात शिपाई होते. ते वारल्यावर ठाणेदारसाहेबांनी मला ठाण्यात कामाला ठेवून घेतलं. बाईमाणसाची झडती घ्यायची वेळ आली की ती मी घ्यायची आणि चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे पंचनाम्याखाली सही करायची, एवढंच काम. बाकी वेळ ठाण्याच्या मागच्या पडवीत बसून राहायचं. सकाळी शिपायांची हजेरी व्हायची, रात्रीची गस्त रोजनामच्यात चढायची, आरोपींना पाणी जायचं, आणि मी भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत असायचे. मी पहिल्यापासून बुजरी. चार पुरुषांत तोंड उघडायचं म्हटलं की मी पदर पुढे ओढून घेई. हे लिहिते आहे तेही कोणाला वाचून दाखवायला नाही. पण मनात राहिलेलं कुठंतरी उतरवावं असं वाटतं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून पैसेवाल्यांच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या मागे लोखंडी पिंप बसवलेलं असे. त्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि त्याच्या धुरावर गाडी हाकायची. कापडही रेशनवर होतं. आमच्या वऱ्हाडात कपाशीनं शेतं पांढरी होत, पण बायकांना नेसायला धड लुगडं नव्हतं.

एका संध्याकाळी अकोटच्या एका कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या मालकाची आई ठाण्यात आली. तिला सगळे माईसाहेब म्हणत. मोठ्या घरची बाई स्वतः ठाण्याची पायरी चढली म्हटल्यावर जमादार खुर्ची घेऊन धावला. माईसाहेबांची सून पहिलटकरीण होती. तिला बाळंतपणासाठी अकोल्याला माहेरी पोचवायला त्या सकाळी मोटारीनं निघाल्या होत्या. वाटेत, खाऱ्या पाण्याचा पट्टा लागायच्या आधी, एका माळ्याच्या मळ्याजवळ मोटार बंद पडली. दुरुस्त करून अकोल्याला पोचल्यावर विहीणबाईंनी सुनेच्या गळ्याकडे पाहून विचारलं, "आमची पुतळ्यांची माळ कुठं आहे?" माळ माहेरची होती. ती कुठंच सापडली नाही. माईसाहेब सुनेला तिथं सोडून त्याच पावली परत आल्या होत्या.

"माळ कुठं ठेवली होती?" ठाणेदारसाहेबांनी विचारलं.

"काळ्या बटव्यात घालून सीटखाली ठेवली होती."

"संशय कोणावर?"

"त्या माळणीवर. मोटारीजवळ तीच घुटमळत होती."

फिर्याद लिहून झाली. माईसाहेबांनी अंगठा उठवला आणि बोट कितीतरी वेळ पदराला पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, जमादार आणि मी टांग्यानं मळ्यावर गेलो. गावचा पोलीस पाटील आणि दोन पंच आधीच येऊन थांबले होते. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसंही मळ्याच्या काटेरी कुपाशी गोळा झाली होती. वांगी आणि मेथीचे वाफे, एक मोटेची विहीर आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुडाचं घर, एवढाच तो मळा. माळणीचा नवरा आणि जाऊ भाजी घेऊन बाजाराला गेली होती. घराचं दार आतून लावलेलं.

"बाहेर ये," जमादार ओरडला.

"येत नाई," आतून आवाज आला.

"पोलीस आहे!"

"दिसून रायले मले फटीतून. येत नाई म्हटलं ना."

कुपाशी हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, "माल पुरून रायली असन." दुसरा म्हणाला, "चोराच्या मनात चांदनं, लेका!" साहेब नागपूरकडचे, नेक माणूस, पण असं तोंडावर नाही म्हणणं त्यांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं. ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "निर्दोष माणूस दार लावून बसत नाही. ही चोर आहे!" मग माझ्याकडे वळले. "बाई, आत जा आणि झडती घ्या."

मी दाराशी जाऊन हळूच म्हटलं, "मी बाई आहे. एकटीच येते आहे." तशी कडी निघाली.

आत अंधार होता. डोळे स्थिरावले तेव्हा दिसलं की ती कणगीच्या आडोशाला उकिडवी बसली आहे. खांद्यावरून गोणपाट घेतलेलं होतं. त्याच्या खाली अर्धं लुगडं होतं, तेही विरून विरून जाळी झालेलं. माझ्याहून लहान असावी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गोणपाट आणखी ओढून घेतलं.

झडती घ्यायला माणसाच्या अंगावर काही असावं लागतं. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"काय झालं ग?" मी विचारलं.

"काय होते? काल थे मोटार इथं येऊन बसली. पान्याची रबरी नळी फाटली. डायवर म्हने, बांधाले मजबूत कपडा पायजे. म्हातारीजवळ ट्रंकभर लुगडी होती. थे म्हने, रेशमी आहे, जळून जाईन. अन् थे पोटुशी पोरगी उन्हात बसून घामानं न्हाऊन रायली. मले नाई पायवलं. माया लुगड्याले दांड होता. दांड उसवला अन् चांगला तुकडा देऊन टाकला."

दांड म्हणजे दोन जुन्या लुगड्यांचे त्यातल्या त्यात धड भाग जोडून केलेली शिवण. नवं मिळत नव्हतं त्या दिवसांत वऱ्हाडात घरोघर दांडाचीच लुगडी होती. हिच्या लुगड्यातला धड भाग मोटारीबरोबर गेला होता आणि विरलेला हिच्या अंगावर राहिला होता.

"मग जावेचं?"

"एकच धड हाये तिच्याजवळ. थे नेसून बाजारात गेली. येईन सांजेले."

मी बाहेर आले. साहेबांनी विचारलं, "काय सापडलं?"

समोर साहेब, जमादार, पाटील, पंच, कुपाशी एवढी माणसं. तिच्या अंगावर लुगडं नाही हे त्या सगळ्यांत कसं बोलायचं? मी पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिले. जमादार हळूच म्हणाला, "साहेब, सापडलं वाटते. बेडी काढू काय?"

तेवढ्यात आतून आवाज आला. "बाई, सांगून टाका ना! तुमाले लाज वाटते काय? मले तं कालपासून वाटूनच रायली, थे पुरे हाये दोघींपुरती!"

मग मी जमिनीकडे पाहत सांगितलं.

कुपाशीचा एक म्हातारा पाठ करून उभा राहिला, त्याचं पाहून बाकीचेही वळले. साहेबांचा चेहरा उतरला. कोणी काही बोलायच्या आत जमादारानं डोक्यावरचा फेटा सोडायला सुरुवात केली. माणूस तोंडाचा फाटका, कैद्यांना आयबहिणीवरून बोलणारा. वर्दीचा फेटा उघड्यावर सोडला म्हणून त्याला दंड झाला असता. त्यानं साहेबांकडे पाहिलं नाही आणि साहेबांनी त्याला हटकलं नाही. तो लांबलचक फेटा गोळा करून त्यानं माझ्या हातात दिला. "घ्या बाई. सांगा तिले, सकाळीच धुतलेला हाये."

फेटा नेसून ती बाहेर आली. आतापर्यंत तिला "बाहेर ये" याखेरीज पुरुषांतल्या कोणी काही विचारलंच नव्हतं. आता साहेबांनी बसायला सांगितलं आणि पहिल्यापासून विचारलं.

"मोटारीत कोणी कोणी हात घातला?"

"डायवरनं. अन् म्या पोतं धरू लागली त्याले."

"कसलं पोतं?"

"कोयशाचं. नळी बांधून झाली, मंग त्यानं सारं पोतं थ्या पिपात ओतलं. म्या बुडापासून धरलं, त्यानं तोंड केलं पिपात. म्हने, ही मोटार कोयसा खाते, पानी पिते, अन् वर आमालेच ढकलाले लावते." सांगता सांगता ती जरा हसली. मग म्हणाली, "थे म्हातारी तं त्याच्याआधी पोत्यात हात घालून बसली होती. म्या म्हटलं, माय, हात काळे होईन. तं मायावरच खेकसली."

साहेब पुढे झुकले. "पोत्यात हात? कशाला?"

"थे मले काय मालूम? मोठ्यांच्या गोष्टी. मंग पोरीले घेऊन विहिरीवर गेली हात धुवाले. आली तवा पोतं रिकामं पायलं अन् मटकन खालीच बसली. म्या पानी देल्लं तं घेतलं नाई."

साहेबांनी टोपी डोक्यावर चढवली. टांगा थेट जिनावर न्यायला सांगितलं.

जिनाच्या आवारात ड्रायव्हर मोटारीपाशीच होता. तो बाळापूरचा. म्हणाला, "साहब, कालपासून गाडीत दम नाही. आता पिंप साफ करायलाच बसलो होतो." साहेबांनी त्याला थांबवलं, पंच बोलावले आणि माईसाहेबांनाही बोलावणं धाडलं. त्या आल्या तशी साहेबांनी खुर्ची द्यायला लावली आणि हळू आवाजात विचारलं, "माईसाहेब, माळ सीटखाली होती की पोत्यात?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पुरुषांवरून फिरत फिरत त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. बाई म्हणून मी समजून घेईन असं वाटलं असेल. मी खाली पाहिलं.

"गाडी आडरानात थांबली," त्या म्हणाल्या. "माळ्या-कुणब्यांची वस्ती. मला वाटलं, ट्रंक कोणी पळवील, पण कोळशाला कोण हात लावतो? म्हणून पोत्यात लपवली. परत आले तर पोतं रिकामं."

"मग हे फिर्यादीत का नाही सांगितलं?"

"विहीणबाईंना काय सांगू? तुमची माळ मी माझ्या हातानं कोळशात घातली म्हणून? सुनेचं सोनं सासूनंच लाटलं असं म्हटलं असतं त्यांनी. आणि पोतं त्या बाईनं धरलं होतं. मला वाटलं, तिनंच काढून घेतली असेल..."

पिंपाखालचं झाकण उघडून ड्रायव्हरनं राख घमेल्यात काढली. धान्याची चाळण आणून ती चाळली. चाळणीत खडे, अर्धे जळके कोळसे आणि काही काळे गोळे उरले. एक गोळा साहेबांनी दगडावर घासला. पिवळी रेघ उमटली. सोनार बोलावला, त्यानं सोनंच म्हणून सांगितलं. पुतळ्या वितळून गेल्या होत्या, सोनं राहिलं होतं. पंचनाम्याखाली मी सही केली तेव्हा माईसाहेब तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा राग यायला हवा होता, पण मला त्यांच्याकडे बघवतच नव्हतं.

पोलिसांच्या हिशेबी तपास तिथंच संपला. गुन्हा घडलाच नाही असा शेरा पडला.

दोन-तीन दिवसांनी ऐन दुपारी ती माळीण ठाण्यात आली. जावेचं लुगडं नेसली होती. फेटा धुऊन, घडी करून आणला होता आणि त्यात मेथीची जुडी खोचली होती.

"जमादारदादा, घ्या तुमचा फेटा. सरकारचा हाये म्हने, मोजून घ्या."

जमादार ओशाळून म्हणाला, "मेथी काहून आनली?"

"फेट्याचं भाडं."

साहेब बाहेर आले. तिच्या घरासमोर तिला मोठ्यानं चोर म्हटलेलं त्यांना खुपत होतं. ते म्हणाले, "माईसाहेबांनी तुझ्यासाठी नवं लुगडं पाठवलं आहे. जरीकाठाचं आहे. घेऊन जा."

तिनं कागदात गुंडाळलेल्या लुगड्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "साहेब, तुमी मले चोर म्हटलं थे साऱ्या मळ्यायनं आयकलं. आता म्या जरीचं लुगडं नेसून बाजारात बसली, तं लोक काय म्हनतीन? चोरी केली, नाई तं गप्प बसाले भेटलं. मले हे नाई पायजे."

"मग काय पाहिजे?"

"माया तुकडा. मोटारीले बांधला थो."

साहेब टोपी घालून स्वतः निघाले. मागून जमादार, ती आणि मी. ठाण्यापासून जिनापर्यंत भर बाजारातून साहेब त्या माळणीच्या बरोबरीनं चालत गेले. त्यांनी घाई केली नाही. दुकानांतले लोक उठून पाहत होते. माझ्या मते साहेबांची माफी तीच. तोंडानं मागणं त्यांना जमलं नसतं.

ड्रायव्हरनं नवी नळी बसवली होती. जुनी नळी अजून तिथंच पडली होती. तिच्यावरचा तुकडा त्यानं सोडून दिला. तेलानं आणि वाफेनं त्यावर काळे वळे उमटले होते आणि तो चामड्यासारखा ताठ झाला होता.

"हा धुऊन निघायचा नाही ग," मी म्हटलं.

"नाई निघो."

पुढच्या बाजारच्या दिवशी मी भाजीला गेले. ती नेहमीच्या जागी बसली होती. लुगड्याला पुन्हा दांड घातला होता आणि तो काळ्या पट्ट्यांचा तुकडा नेमका समोर येईल असा नेसला होता. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काहून व, हे काय लागलं लुगड्याले?" तिनं वांगी तोलता तोलता पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोटार, पोटुशी पोरगी, कोळसा, माळ, साहेब, फेटा, काहीच गाळलं नाही. ते गिऱ्हाईक वळलं तसं दुसरीनं विचारलं. तिलाही सांगितलं. ते लुगडं फाटेपर्यंत ती बाजारच्या दिवशी तेच नेसत असे.

जिनाची मोटार बाजाराच्या रस्त्यानं जायची तेव्हा माईसाहेब पडदा ओढून घेत. मी समोर असले की मीही दुसरीकडे पाहत असे.

पुढे बरीच वर्षं मी ठाण्यात काम केलं. त्या केसनं मला एवढंच शिकवलं की दार लावून बसलेलं माणूस काही लपवत असतं हे खरं, पण ते चोरीचंच असतं असं नाही. त्यानंतर झडतीला निघताना माझ्या पिशवीत एक धड लुगडं घडी घालून ठेवलेलं असे. आत गेलं की आधी ते पुढं करायचं, मग हात लावायचा. दर वेळी ते उपयोगी पडलं असं नाही. पण जेव्हा पडलं, तेव्हा आतल्या बाईनं ते घेताना माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही.