जुन्या गोळ्या पुढे, नव्या मागे

माझी धाकटी बहीण टेक्ससमध्ये पिस्तुलाच्या गोळ्या साठवते आणि मी कुवेतमध्ये आईच्या ब्लडप्रेशरच्या. वेळप्रसंगाची सोय दोघीही करतो. कौतुक मात्र एकटीचंच होतं, आणि ती एकटी म्हणजे मी नव्हे.

आई व्हिजिट व्हिसावर कुवेतला आमच्या मंगफच्या घरी आली आणि थोड्याच दिवसांत आखातात क्षेपणास्त्रांच्या बातम्या सुरू झाल्या. नवऱ्याच्या प्लांटवर सगळ्यांना सांगितलं गेलं, घरात पाणी, सुका शिधा, टॉर्च आणि औषधं ठेवा. जमियात, म्हणजे इथल्या सोसायटीच्या दुकानात, पाण्याच्या पेट्यांवर झुंबड उडाली. पाणी काय, कुणालाही मिळतं. आईच्या गोळ्यांचं तसं नव्हतं. तिच्या नाशिकच्या गोळ्यांची नावं इथल्या फार्मसीत कुणाला ठाऊक नसतात. रिकाम्या पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव दाखवत मी भर उन्हात दुकानं पालथी घातली. एकाकडे औषध तेच पण पॉवर दुप्पट, दुसऱ्याकडे पॉवर बरोबर पण डॉक्टरची इथली चिठ्ठी हवी. शेवटी सगळं जमवलं. हॉलमधल्या कपाटात डबे लावले, जुन्या गोळ्या पुढे, नव्या मागे. आईला हाताला धरून आणून दाखवलं.

"बरं झालं आठवण केलीस," आई म्हणाली. "दुपारची राहिलीच. पाणी आण जरा."

एवढंच. मला वाटलं होतं, निदान कपाटाचं दार तरी नीट उघडून बघेल.

शुक्रवारी सकाळी धाकटीचा व्हिडिओ कॉल येतो. आमची शुक्रवारची सकाळ म्हणजे तिची गुरुवारची रात्र. त्यांच्या गल्लीत एका घरात चोर शिरल्यापासून तिच्या नवऱ्याने पिस्तूल घेतलं होतं. त्याला ते धड धरताही येईना, म्हणून हीच नेमबाजी शिकून आली. ही अशीच आहे लहानपणापासून. पाल दिसली की मी पलंगावर चढायचे आणि ही झाडू घेऊन धावायची. शाळेतून निकाल आणताना माझे मार्क जास्त असायचे आणि गोष्ट मात्र तिच्या पालीची सांगितली जायची.

त्या शुक्रवारी तिने फोन हातात धरून आम्हाला घर दाखवलं. कपड्यांच्या कपाटात खाली एक जाड लोखंडी पेटी होती. तिने ती उघडली. आत पुठ्ठ्याचे छोटे खोके एकाशेजारी एक, विटांसारखे रचलेले.

"एवढ्या कशाला गं?" आईने विचारलं.

"अगं, काही झालं की आधी ह्याच संपतात दुकानातून. मग मिळेल ते घ्यावं लागतं, आणि पिस्तुलाला मिळेल ते चालत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या थोड्याथोड्या घेऊन रेंजवर चालवून बघितल्या. दोन अडकल्या, एक चांगली चालली. मग तीच भरली."

"आणि हे दुसऱ्या रंगाचे खोके?"

"त्या सरावाच्या, स्वस्तातल्या. घरासाठीच्या वेगळ्या. त्यांचं टोक पोकळ असतं. लागल्या की आतच थांबतात, भिंतीतून पलीकडे जायचा धोका कमी. पलीकडे मुलांची खोली आहे ना."

आई फोनमध्ये डोकं घालून बघत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला इतकं लक्ष देऊन काही बघताना मी पाहिलं नव्हतं.

"उन्हाळ्यात खराब नाही होत?"

"गॅरेजमध्ये ठेवल्या तर होतील. तिथं तापतं. म्हणून इथं, कोरड्या जागी. आणि जुन्या आधी वापरायच्या, नव्या मागे लावायच्या."

"बघ!" आई माझ्याकडे वळून म्हणाली. "जुनं पुढे, नवं मागे. माझीच शिकवण!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाशिकला मे महिन्यात वर्षाचं धान्य भरताना ही बया कोठीकडे फिरकायचीसुद्धा नाही. गच्चीवर गहू वाळवायचे मी, कडुलिंबाचा पाला घालायचे मी, तूरडाळीला तेलाचा हात लावायचे मी. जुनं पुढे, नवं मागे हे मी करत होते तेव्हा ही कैऱ्या पाडत हिंडत होती. आणि आज शिकवण हिच्याकडे गेली! दोन हातांवर माझं कपाट होतं. त्यातही जुनं पुढे आणि नवंच मागे होतं.

"तुझ्याकडे का नाही गं असलं काही?" आईने फोन ठेवल्यावर विचारलं.

"आई, इथं परदेशी माणसाच्या घरात एक गोळी सापडली तरी आधी तुरुंग आणि मग घरी रवानगी."

"असं का," ती म्हणाली. मला वाटलं, तिला माझी कीव आली.

त्यानंतर दर शुक्रवारी तेच. आई स्वतःहून म्हणायची, "दाखव गं तुझी पेटी." धाकटी दाखवायची, आई वा वा करायची. मी शेजारी बसून पोहे ढवळत राहायचे. आईच्या व्हिसाची मुदत वाढवून घ्यायचं माझ्या मनात होतं. वाढवता येईल तेवढी वाढवायची. तिला इथं माझ्या हातचं खाऊन, माझ्या गोळ्या घेऊन बरं वाटतंय हे तिच्याच तोंडून ऐकायचं होतं मला. एवढी एक गोष्ट ऐकली असती तर मी धाकटीला तिची लोखंडी पेटी सुखाने माफ केली असती.

आणि मग खालच्या मजल्यावरच्या भाभी आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांच्या नवऱ्याचं अम्गऱ्याच्या बाजारात पत्र्यांचं दुकान आहे. आईशी त्यांचं छान जमायचं. मी चहा करत होते आणि हॉलमधून आईचा आवाज आला, "धाकटी फार हुशार. आत्तापासून गोळ्या साठवून ठेवल्यात तिने."

"माशाल्ला!" भाभी म्हणाल्या. "आईच्या औषधांची एवढी काळजी! लेक असावी तर अशी."

मी कान टवकारले. आता आई सांगेल, आता सांगेल. आई म्हणाली, "हो ना."

भाभींना चहा दिला, दारापर्यंत सोडलं. दार लागलं आणि माझा बांध फुटला.

"गोळ्या मी साठवल्यात, आई! तुझ्या! उन्हातान्हात फिरून! आणि नाव तिचं?"

"मग काय सांगू त्यांना? माझ्या लेकीच्या घरात काडतुसांची पेटी आहे म्हणून?"

"मुळात तिचं सांगायचंच कशाला? तुला दुसरं काही दिसतच नाही. दर शुक्रवारी पेटी दाखव, पेटी दाखव."

आई सोफ्यावर बसली. पदर नीट केला. चिडलेली नव्हती.

"मी कौतुक करते ते तुला ऐकू येतं," ती म्हणाली. "मी काय बघते ते बघितलंस कधी? शाबासकी दिली की ती पेटी दाखवते. पेटी दाखवली की मला कुलूप दिसतं. बोलले, रागावले, तर दाखवायची बंद होईल. मग इतक्या लांबून मला काय कळणार? गेल्या शुक्रवारी ती पेटीपाशी जायच्या आधीपासूनच किल्ली कुलपाला होती. आणि मागे गादीवर धाकटा नातू उड्या मारत होता. दिसला तुला?"

मला नव्हता दिसला. मी शेजारीच बसले होते. मला फक्त एका ओळीत लावलेले खोके दिसले होते, आणि ते माझ्यापेक्षा सुबक लावलेत असं वाटलं होतं.

"मी ठरवलंय," आई म्हणाली. "इथली मुदत संपली की नाशिकला नाही जात. अमेरिकेचा व्हिसा आहेच पासपोर्टवर. तिच्याकडे जाते. ती किल्ली माझ्या कमरेला असलेली बरी."

"आणि मी?"

"तुझ्याकडे काय बघायचं? तुझं सगळं जागच्या जागी असतं. तुझी मला कधी काळजीच करावी लागली नाही."

मी कान देऊन ज्याची वाट बघत होते ते हेच. ते मिळालं, आणि त्याच वाक्यासरशी आई निघाली. म्हणजे कौतुक तर धाकटीचं होतंच, काळजीसुद्धा तिचीच. एखादा डबा उघडा ठेवायला, एखादी गोळी चुकवायला मला कधी सुचलंच नाही.

बातम्या निवळल्या, विमानं सुरळीत झाली. आईची बॅग मीच भरली. तिकडे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून कपाटातला एकूण एक डबा काढला. गोळ्या हातातल्या पिशवीत घातल्या, वर चिठ्ठ्या ठेवल्या. सवयीने जुन्या वर, नव्या खाली.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. पेटीचं कुलूप बदलून घेतल्याचं सांगत होती, आईसाठी खोली लावल्याचं सांगत होती. खुशीत होती. मग म्हणाली, "ताई, गोळ्या दिल्यास ना तिच्याबरोबर?"

"दिल्या," मी म्हणाले. "सगळ्या दिल्या. आता माझ्याकडे एकही नाही."