बरणीतला डावा हात

फॉर्मलिनचा वास नाकाच्या आधी डोळ्यांना कळतो. अंबाजोगाईच्या ज्या महाविद्यालयात मी सव्वीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवते आहे, तिथल्या संग्रहालयाचे दार उघडले की आधी पापण्यांच्या कडा चुरचुरतात, मग घशात काहीतरी गोडसर-कडू उतरते आणि त्यानंतर कुठे फळ्यांवरच्या बरण्या दिसू लागतात. खिडक्यांच्या काचा कुणीतरी कधीकाळी हिरव्या रंगवल्या आहेत. फाल्गुनातले दुपारचे ऊन त्यांतून आत येते तेव्हा ते पाण्याखालून आल्यासारखे भासते, आणि त्या पाण्याच्या पार टोकाला, शेवटच्या कपाटात, तो हात आहे.

पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर लिहिले आहे : चिंपांझी, मादी, डावा हात. ती मादी कुठली, कशाने मेली, तिचे उरलेले शरीर कुठे गेले, हे माझ्या आधीच्या विभागप्रमुखांनाही ठाऊक नव्हते. हात लहानसाच, अर्धवट वयाच्या मादीचा. बोटे लांब आणि किंचित आत वळलेली, नुकतीच फांदी सोडल्यासारखी. अंगठा आखूड, मनगटाकडे सरकलेला. बाकी मात्र सारे ओळखीचे : चपटी नखे, केसविरहित तळवा, आणि तळव्यावर रेषा. एखाद्या हात पाहणाऱ्याने समोर बसून भविष्य सांगावे इतक्या स्पष्ट रेषा.

कौसाबाई चार वर्षांपूर्वी आमच्या विभागात झाडलोटीला आल्या. मूळच्या शिरूर कासारकडच्या; त्याआधी वीसेक हंगाम त्यांनी ऊस तोडला होता. पहिल्याच दिवशी त्या बरणीपुढे थबकल्या.

"मॅडम, हे कुनाचं लेकरू हाय?"

मी सांगितले, आफ्रिकेतला प्राणी, वानरांच्या गणगोतातला. पण याला शेपूट नसते, हत्यार वापरतो, आई पिलाला चार-पाच वर्षे अंगावर पाजते, रक्ताचे गटसुद्धा आपल्यासारखे.

"मंग आपल्यातलंच की," त्या म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळपासून घरी जाताना बरणीवर एक धुतलेले फडके टाकू लागल्या. मी कारण विचारले तर म्हणाल्या, "रातच्याला उघडं कावून ठेवायचं?"

यंदाच्या वर्षी मी तृतीय वर्षाला बोटांच्या ठशांचे प्रात्यक्षिक दिले. आपल्या बोटांवरच्या या बारीक सऱ्या झाडावर चढणाऱ्या पूर्वजांकडून आलेल्या. पकड निसटू नये म्हणून. ते नुसते सांगण्यापेक्षा दाखवावे असे वाटले. मी तो हात बरणीतून काढला, नळाखाली धुतला, टिपकागदाने कोरडा करून ट्रेमध्ये ठेवला. हातमोज्यातूनही त्याचा गारवा जाणवत होता. त्याची तर्जनी शाईच्या पॅडवर टेकवली आणि पांढऱ्या चिठ्ठीवर दाबली. नऊ विद्यार्थ्यांनी आपापल्या तर्जनीचे ठसे दिले, मी दिला, आणि फरशी पुसत असलेल्या कौसाबाईंना सानिया नावाची विद्यार्थिनी म्हणाली, "मावशी, तुमीबी द्या की." एकसारख्या बारा चिठ्ठ्या टेबलावर वाळत पडल्या. वाळल्यावर मागे नावे लिहायची होती.

तेवढ्यात गेलेली वीज आली, डोक्यावरचा पंखा गरकन फिरला आणि चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या.

मुलांनी त्या गोळा केल्या. मी हसून म्हटले, चला, आता चिंपांझीचा ठसा शोधू. भिंग घेतले, एकेक चिठ्ठी पाहिली आणि एक वेगळी काढली. सऱ्या जाडसर, मध्याशी एक भोवरा, त्याला बाजूने तुटलेली रेघ. सव्वीस वर्षांच्या खात्रीने मी ती वर धरली.

सानिया जवळ येऊन निरखू लागली. "मॅडम, हा तुमचाय. कोपऱ्यात तुमच्या पेनाचा निळा डाग हाय बघा."

मी पुन्हा बोट पॅडवर टेकवून शेजारी ठसा घेतला. तोच भोवरा, तीच तुटलेली रेघ. मुले हसली. मीही हसले, पण जरा उशिराने.

घंटा झाली. आपला वाटला तो ठसा प्रत्येकाने घाईघाईने नोंदवहीत चिकटवला, मी सह्या केल्या, वर्ग रिकामा झाला. टेबलावर तीन चिठ्ठ्या उरल्या : माझी, कौसाबाईंची, आणि तिसरी अर्थातच त्या हाताची. का कोण जाणे, मी त्या गार बोटाचा आणखी एक ठसा घेऊन ताडून पाहिला. जुळला नाही. दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला. उरलेला ठसा कुठल्यातरी विद्यार्थ्याचा होता; आणि आफ्रिकेतल्या त्या अनाम मादीचे बोट एका नोंदवहीत, एका मुलाच्या किंवा मुलीच्या नावाखाली चिकटून घरी गेले होते. त्याखाली माझी सही होती.

उन्हाची हिरवी झाक भिंतीवरून हळूहळू वर सरकत होती. कौसाबाई पोछा टेकवून उभ्या होत्या. त्यांनी आपली चिठ्ठी उचलली. तिच्यावर शाईचा एक सलग काळा डाग होता. एकही रेघ नाही.

"माझा मातर कुनीबी वळखंल," त्या म्हणाल्या.

वीस हंगामांची कोयत्याची मूठ, पाचटाच्या धारा, आवळून बांधलेल्या मोळ्या, आणि त्यानंतर आमच्याच फरशीचे ॲसिड. चिंपांझी चालताना दुमडलेल्या बोटांच्या मागच्या बाजूवर भार देतात, टोके जमिनीला लागू देत नाहीत, म्हणून त्यांच्या बोटांवरच्या सऱ्या तशा राखल्या जातात. हे मी दरवर्षी शिकवते. त्या दिवशी ते वाक्य माझ्या ओठांशी येऊन थांबले.

मग त्यांनी सांगितले : तीन महिने रेशनच्या दुकानातले मशीन त्यांचे बोट घेत नव्हते. दुकानदार भला माणूस; दहाही बोटे लावून पाहिली, ओल्या फडक्याने पुसून पाहिली. पण केवायसी झाली नाही तर शिधापत्रिकेवरून नाव कमी होणार होते. "मशीन म्हनतंय, असा मानूसच न्हाई." मग ट्रेमधल्या हाताकडे पाहत, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारले, "हिचं बोट लावलं तर घेईल का वो?"

त्या थट्टा करत नव्हत्या. मी नाही म्हटले, तो ठसा तुमच्या नावावर नोंदलेला नाही, असे काहीतरी समजावले. पण हे सांगताना बरणीत ठेवायला म्हणून तो हात मी उचलला होता, आणि दाराबाहेरच आमच्या हजेरीचे, बोट घेणारे यंत्र लाल डोळा लावून बसले होते. क्षणभर मी त्या दोहोंमधले अंतर मोजले, हे लपवण्यात अर्थ नाही. मग हात बरणीत ठेवला आणि झाकण नेहमीपेक्षा घट्ट फिरवले.

शनिवारी आम्ही दोघी बसस्थानकाजवळच्या ऑनलाइन केंद्रात गेलो. ते चालवणारा तौफिक माझ्या ओळखीचा, दोन लेकरांचा बाप, शांत माणूस. त्याने सांगितले, आता चेहऱ्यावरूनही होते. मोबाइल कौसाबाईंच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर एक वर्तुळ आले, त्यात त्यांचा चेहरा. वर्तुळ लाल झाले.

"मौशी, डोळं मिटा, उघडा. पापणी हलवा."

कौसाबाई ताठ बसल्या होत्या, डोळे ताणलेले, पापणी स्थिर. पुन्हा लाल.

"पापणी कावून पायजे रे बाबा?"

"जिंदा हाय का फोटू हाय, ते कळाया लागतं त्याला."

रांगेतली माणसे माना उंचावून पडद्याकडे पाहू लागली. कौसाबाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी साचले होते, तरी पापणी लवत नव्हती. "फोटूत डोळं मिटू नये म्हनत्यात," त्या पुटपुटल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटले, "मिटा, कौसाबाई." म्हणताना माझेच डोळे मिटले. उघडले तेव्हा वर्तुळ हिरवे होते.

"झालं मौशी. नाव ऱ्हायलं तुमचं."

बाहेर कडुलिंबाचा मोहर गळत होता, हवेत त्याचा कडसर सुगंध. कौसाबाई मोकळ्या मनाने, हातातली पावती पुन्हा पुन्हा उलटून पाहत, पुढच्या महिन्यात गहू किती मिळतील ते सांगत रिक्षात बसल्या. मीही हसत होते. चौकात रिक्षा थांबली. शेजारी साखर कारखान्यावरून परतणाऱ्या ऊसतोडकऱ्यांचा ट्रॅक्टर उभा होता. मागे ट्रॉलीत गाठोडी, भांडी, कोंबड्या, आणि धुळीने एकाच रंगाची झालेली माणसे. त्यांतली एक बाई वरून माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिले आणि माझ्या लक्षात आले की मी वाट पाहते आहे, तिची पापणी लवण्याची. ती लवत नव्हती. ट्रॅक्टर सुरू झाला, अंतर वाढू लागले, माझे डोळे चुरचुरू लागले. आणि तेव्हा कुठे मनात आले की तीही कदाचित माझी पापणी लवावी म्हणूनच इतका वेळ माझ्याकडे पाहत असेल.