बेटावरची वीजचोरी

मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. म्हणून दोन टोकं मी धरली होती आणि दोन भावजींच्या हातात दिली होती. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते खुर्चीत बसलेले, डावा पाय प्लास्टरमध्ये, आणि तो पाय समोरच्या स्टुलावर उशी टाकून मानाच्या पाहुण्यासारखा ठेवलेला. पहिली घडी पडली. दुसरीसाठी मी पुढे सरकले तोच भावजी टीव्हीकडे बघत असे काही ओरडले की चादर त्यांच्याही हातून सुटली आणि माझ्याही.

"वहिनी, चोरी! दिवसाढवळ्या चोरी!"

मी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडेही बघितलं.

"तिकडे काय बघताय? इकडे बघा. ह्या घराला मीटरच नाही! आणि आत दिवा कसा ढणाढणा जळतोय!"

घर टीव्हीतलं होतं. चादर जमिनीवर पडली ती पडलीच, मी कपाळाला हात लावला.

भावजी वीज खात्यात मीटर रीडर आहेत. नोकरीला लागल्यापासून एकच काम, घरोघरी जायचं, दारात उभं राहून "रीडिंग!" म्हणून ओरडायचं, आकडा टिपायचा, पुढचं घर. आख्खा भाग त्यांना 'रीडिंग' म्हणूनच ओळखतो. त्यांचं खरं नाव विचारलं तर लोक आमच्या घराचा ग्राहक क्रमांक सांगतील. लग्न केलं नाही. का, विचारलं तर म्हणतात, "वेळ कुठे मिळाला?" मिळाला असता तरी मुलगी बघायला गेल्यावर आधी मीटर बघायला जिन्याखाली वाकले असते. माझे वडील गेले तेव्हा सगळं घर रडत होतं आणि भावजी मागच्या भिंतीपाशी उभे राहून सांगत होते, "वहिनी, मीटरची काच तडकलीय, बदलून घ्यायला सांगा." माझ्या भावाने बदलून घेतली. त्या दिवशी झालेलं कामाचं काम तेवढंच.

एवढं चालणारा माणूस, पण फिरायला जाणं हा प्रकार त्यांना माहीत नाही. सुट्टीच्या दिवशी मी म्हणायची, "भावजी, जरा फिरून या." "कुठे?" "असंच." असंच म्हटलं की ते पुन्हा खुर्चीत बसत. जिथे आकडा नाही तिथे जायचं कशाला, हा त्यांचा सरळ हिशेब.

तर हे चालणारे भावजी एका घरामागे शेवाळावरून घसरले. कुत्रं मागे लागून पडले असते तर वर्षभर छाती काढून सांगितलं असतं. शेवाळाचं काय सांगणार? नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, पाय अजिबात टेकायचा नाही. टेकला तर हाड वाकडं जुळेल, आणि वाकड्या पायाने दिवसभर चालता येणार नाही. मग ऑफिसातून निरोप आला, तो जास्त झोंबला. पाय बरा झाला नाही तर काळजी करू नका, तक्रार खिडकीत खुर्ची रिकामी आहे.

तक्रार खिडकी म्हणजे काचेला एक भोक, आत एक माणूस, बाहेर रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण आतल्या माणसाच्या आईवडिलांची चौकशी करणारा. भावजी त्या खिडकीला मरणापेक्षा जास्त घाबरतात. म्हणजे स्वस्थ बसायचं ते परत चालता यावं म्हणून. एवढं साधं गणित. पण स्वस्थ बसायला येतं कुणाला?

पहिल्याच आठवड्यात शेजारीण सांगून गेली की बदलीवर आलेला पोरगा मीटर न बघताच अंदाजे बिलं टाकतोय. अंदाजे! भावजींच्या कानात कुणी उकळतं तेल ओतलं असतं तरी एवढे कळवळले नसते. मी जपाला बसले होते. डोळे उघडले तेव्हा खुर्ची रिकामी, काठी गायब. थोड्या वेळाने पाववाला त्यांना पावाच्या हातगाडीवर बसवून घेऊन आला. प्लास्टरचा पाय पुढे काढलेला, मांडीवर पावांची टोपली, चेहऱ्यावर पीठ.

"कोपऱ्यावर भिंत धरून उभे होते," पाववाला म्हणाला. "ना पुढे ना मागे."

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. हाड किंचित सरकलं होतं. "आता एकदा जरी पाय टेकलात," ते म्हणाले, "तर मला परत दाखवायला येऊ नका. थेट खिडकीत जाऊन बसा."

तेव्हापासून घरात माझं एकच काम, भावजींना खुर्चीत ठेवणं. टीव्हीवरच्या बातम्यांनी ते जास्तच तापायचे. पत्ते खेळायला लागले की आमच्या ह्यांच्याशी भांडणं व्हायची. मी म्हटलं, माझ्याबरोबर जप करा. केला. थोड्याच वेळात डोळा उघडून विचारतात, "वहिनी, हा किती झाला की संपतो?" मी म्हटलं, संपत नाही. त्यांनी माळ माझ्या हातात परत दिली, अगदी अदबीने.

मग आमच्या लेकीने उपाय काढला. ती गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. बंदुकीचे नाहीत, शांत गेम. ती त्यातलं गवत रंगवते, दगड रंगवते, ढग रंगवते. आमचे हे म्हणतात, "एवढी शिकवली, आणि गवत रंगवते. तेही खोटं." तर तिने तिचं यंत्र आणून टीव्हीला जोडलं आणि कंट्रोलर काकांच्या हातात दिला. पडद्यावर एक बेट आलं. वारा, गवत, लांब समुद्राचा आवाज. मला तर बघूनच जांभई आली, म्हणजे चांगलंच असणार.

"काय करायचं?" भावजींनी विचारलं.

"काही नाही काका. फिरायचं."

"कुठे?"

"असंच."

मी मनात म्हटलं, संपलं. पण भावजी सरकारी माणूस, चौकशी पूर्ण केल्याशिवाय नकार देत नाहीत.

"शत्रू कोण?"

"कोणी नाही."

"मार्क किती मिळतात?"

"मार्क नाहीत."

"मेलो तर?"

"ह्यात मरताच येत नाही, काका."

"म्हणजे तुझी नोकरीच की रे ही," आमचे हे पेपरामागून म्हणाले.

सकाळभर भावजी त्या बेटावर एका दगडाला धडका देत होते. आणि मग चादरीच्या वेळी त्यांना ते घर दिसलं.

संध्याकाळी लेक ऑफिसातून आली. चप्पल काढायच्या आत भावजींनी तिला धरलं. "तुझ्या बेटावर वीजचोरी चाललीय."

"काका, तिथे कोणी राहतच नाही."

"मग दिवा कुणासाठी?"

"छान दिसतो म्हणून."

"बिल कोण भरतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी कणीक मळत होते, मळतच राहिले.

"सगळी घरं फिरलो," भावजी म्हणाले. "मागच्या भिंती बघितल्या, जिन्याखाली बघितलं. एकालाही मीटर नाही. पण छपरावरून तार निघालीय. खांबाखांबाने डोंगराकडे जाते. आकडा कुठे टाकलाय ते शोधल्याशिवाय मी काही उठत नाही."

उठत नाही! हे ऐकून मी देवाचे आभार मानले. पाय कुणामुळे का जुळेना, माझी तक्रार नव्हती.

तेव्हापासून घराला शांतता मिळाली. भावजी आंघोळ करून प्लास्टिकच्या पिशवीतला पाय बाहेर काढायचे आणि कामावर असल्यासारखे कंट्रोलर घेऊन बसायचे. तारेमागून चालायचे, खांब आला की थांबून मान वर करून बघायचे. बाकी कशाकडे लक्ष नाही. एकदा समुद्रातून भला मोठा देवमासा वर आला, पाठीवर सूर्य, पाण्याचं कारंजं. मी हातातली वाटी घेऊन तशीच उभी राहिले. भावजी म्हणाले, "मध्ये येतोय. खांब दिसेना." लेकीला इतकं लागलं की ती जेवायला बसली नाही. तिच्या ऑफिसातल्या माणसांनी तो मासा बनवायला म्हणे उन्हाळाभर डोळे फोडले होते.

त्याच दिवशी तिने स्वयंपाकघरात येऊन मला हळूच सांगितलं, "आई, घोटाळा झालाय. ती तार कुठेच जात नाही."

"म्हणजे?"

"चित्रात तिथे एक रेघ हवी होती, म्हणून मी तार काढली. डोंगरापलीकडे धुकं आहे, तिथे सोडून दिली."

"मग पुढे काढ ना थोडी. रंग संपला का?"

"गेम विकायला गेलाय, आई. आता माझ्या हातात नाही."

तार संपली की भावजींचं काम संपलं. काम संपलं की ते उठणार. उठले की पाय टेकणार, आणि मग ते काचेचं भोक. प्लास्टर निघायला अजून अवकाश होता आणि भावजी डोंगराच्या निम्म्यावर पोचले होते.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्याला सांग, चोर पळालाय, दुसरं बेट बघ." मी खोटं बोलत नाही. देवाला मी एवढंच म्हटलं, बाबा रे, धुकं जरा पुढे ढकल. तुझं खरं धुकं नाही, हिने रंगवलेलं, त्याला काय कष्ट पडतात? देवाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्याच दिवशी भावजींनी पडद्यावरून नजर न काढता मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं, ही तार कुठे जात असेल?"

"देवाला ठाऊक," मी म्हटलं.

ह्यात खोटं काही नाही. देवाला ठाऊक होतंच. मलाही होतं, एवढाच भाग मी गाळला.

शेवटी सुट्टीच्या दुपारी पडद्यावर धुकं आलं. लेक घरी होती. आमचे हे पेपर खाली ठेवून बसले, हे मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. भावजी एकेक पाऊल टाकत होते. एक खांब आला, मग आणखी एक. मग कड्याची धार, आणि तार तिथून पुढे हवेत गेली आणि पांढऱ्यात विरून गेली. पुढे खांब नाही. खाली समुद्र.

भावजींनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले. मी दाराच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बाई माणूस आहे, पण वेळ पडली तर आडवी झाले असते.

"काका," लेक म्हणाली, "खरं सांगू का..."

"काही सांगू नकोस," भावजी म्हणाले. "हे आमचं काम नाही."

"म्हणजे?"

"मी मीटरचा माणूस. खांब, तार, हे लाईनमनचं. आख्ख्या नोकरीत मी त्यांच्या हद्दीत बोट घातलं नाही, आता कशाला घालू? इतके दिवस उगाच दुसऱ्याची ड्यूटी करत बसलो." त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. "तक्रार वर्ग केली."

"कुणाकडे?"

"तुझ्याकडे. तार तूच काढलीस ना? तुझ्या तोंडावरच दिसत होतं."

आमचे हे एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

"मग आता, भावजी?" मी विचारलं. माझं लक्ष त्यांच्या पायावर.

"आता काय? परत जायला नको? गाडीघोडा काही ठेवलेलं नाही हिने." आणि त्यांनी कंट्रोलर उचलला.

परतताना ते तारेखालून गेले नाहीत. दुसऱ्याच्या खात्याची तार, तिचं तोंड कशाला बघा? उतारावर एक शेळी भेटली. भावजी थांबले. शेळी निघाली. हे तिच्या मागे. शेळी एका झाडाखाली बसली, तर हेही बसले. पडद्यावरचा माणूस बसू शकतो हे इतक्या दिवसांत त्यांना माहीतच नव्हतं.

"ड्यूटी संपल्यावर बसायला चालतं ना इथे?" त्यांनी लेकीला विचारलं.

"चालतं, काका."

"कुणी काही म्हणत नाही?"

"नाही."

पुढे बरेच दिवस ते तसेच, शेळी असेल तर शेळीपाशी, नाहीतर किनाऱ्यावर. एकदा मी फोडणी टाकत होते तर बाहेरून हाक, "वहिनी, या, लवकर या, मासा आलाय!" फोडणी जळली. मासा मात्र खरंच बघण्यासारखा होता. लेकीने ऑफिसात फोन करून सांगितलं की काकांनी देवमासा बघितला, तर तिथे म्हणे टाळ्या वाजल्या. पगारी माणसं, कामाच्या वेळात टाळ्या वाजवतात.

काल प्लास्टर काढलं. पाय काडीसारखा निघाला, भावजींनी त्याच्याकडे ओळख नसल्यासारखं बघितलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. मी डोळे मिटले.

"सरळ जुळलंय," ते म्हणाले. "आधी सरकलं होतं तेवढ्याने पाय जरासा आखूड झालाय. पण चालता येईल, हवं तेवढं. कामावर जा. खिडकी दुसऱ्या कुणाला देऊ दे."

मी दवाखान्यातच हात जोडले. डॉक्टरांना वाटलं त्यांनाच जोडले, त्यांनी मान डोलावली. राहू दे.

भावजी चार पावलं चालले. किंचित डावीकडे झुकतात, कुणाचं बोलणं ऐकत असल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, बुटाला उंची दिली की तेही दिसणार नाही. उद्या सकाळी भावजी डावा बूट पिशवीत घालून टाच चढवून घ्यायला बूट दुरुस्तीच्या दुकानात जाणार आहेत.